गावाजवळचं कॉलेज तुमच्या धंद्याची उत्पादकता कशी वाढवू शकतं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘उत्पादकता’ हा शब्द घेतला होता. वेळेअभावी त्यातला एक मोठा भाग राहून गेला, तो इथे सविस्तर लिहितोय. विषय आहे उद्योग आणि उच्च शिक्षण यांनी हातात हात घालून देशाची उत्पादकता कशी वाढते हा. नाव ऐकून वाटेल, हे टाटा-रिलायन्सचं काम, आपला काय संबंध? पण पुढच्या दोन-चार महिन्यांत तुम्ही मशीनसाठी कर्ज काढणार असाल, तर सगळ्यात जास्त संबंध तुमचाच आहे.

आधी उत्पादकता म्हणजे काय ते डाळीच्या हिशोबाने समजून घेऊ.

तुरीच्या दाण्यावरची साल आणि आतला अंकुर वजा केला तर साधारण ८५ टक्के वजन डाळीचं असतं. म्हणजे १०० किलो तुरीत ८५ किलोच्या आसपास डाळ असते. पण ती सगळी बाहेर काढता येत नाही. काही तुटते, काही भुकटी होऊन चुणीत जाते. आता समजा, दोन बचत गट आहेत. दोघींची तूर सारखी, बायका तेवढ्याच, तासही तेवढेच. पहिल्या गटाला क्विंटलमागे ६५ किलो डाळ मिळते, दुसऱ्याला ७२ किलो. एका हंगामात दोघींनी १०० क्विंटल तूर भरडली, तर दुसऱ्या गटाकडे ७०० किलो डाळ जास्त. डाळ १२० रुपये किलो धरली तर ८४ हजार रुपये. थांबा, एवढ्यात खूश होऊ नका! पहिल्या गटाचे ते ७०० किलो हवेत उडालेले नाहीत, ते चुणी म्हणून गेलेत. चुणीला ३० रुपये भाव धरला तर खरा फरक किलोमागे ९० रुपयांचा, म्हणजे ६३ हजारांचा. तरीही हे ६३ हजार जास्तीची तूर न घेता, जास्तीची मजुरी न देता आलेले आहेत. हीच उत्पादकता. तेवढ्याच मालात, तेवढ्याच माणसांत, तेवढ्याच वेळात जास्त निघालं की ती वाढली.

देशाची उत्पादकता म्हणजे वेगळं काही नसतं. अशा लाखो छोट्या हिशोबांची ती बेरीज असते. आपल्या देशाच्या उत्पन्नात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा वाटा सुमारे ३० टक्के आहे. म्हणून मोठ्या कारखान्यात रोबो आले की देश पुढे गेला असं होत नाही. डाळ मिल, पापड, पावरलूम, फॅब्रिकेशनचं दुकान, काजूचा कारखाना, हे हलले तर आकडा हलतो.

मग त्या दुसऱ्या गटाला ७ किलो जास्त कुठून मिळाले?

अकोल्याची डाळ मिल

तुरीची साल सहज निघत नाही. साल आणि डाळ यांच्यामध्ये गोंदासारखा चिकट थर असतो. आपल्या आज्या तुरीला तेल-पाणी लावून, उन्हात वाळवून मग जात्यावर भरडायच्या, ते याच कारणासाठी. त्यामागचं शास्त्र साधं आहे. आधी दाण्याच्या सालीवर ओरखडा काढायचा, मग तेल लावायचं म्हणजे ते आत मुरतं, ओल देऊन वाळवलं की साल सैल होते, आणि मगच भरडायचं. यातली एक पायरी घाईत झाली की दाणा तुटतो, किंवा साल तशीच चिकटून राहते आणि पुन्हा भरडावं लागतं. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

मोठ्या डाळ मिलमध्ये हे सगळं मशीनवर होतं, पण त्या मिलचा खर्च गावातल्या गटाला झेपत नाही. जातं झेपतं, पण उतारा कमी. या दोघांच्या मधली जागा रिकामी होती. ती भरली अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने. तिथल्या कृषी प्रक्रिया अभियांत्रिकीच्या लोकांनी ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ तयार केली. गावात बसवता येईल एवढी लहान, आणि ओरखडा काढणं, साल काढणं, डाळ फोडणं, चाळणं ही कामं एकाच ठिकाणी करणारी. विदर्भ-मराठवाड्यात फिरलात तर कुठल्या ना कुठल्या बचत गटाकडे ती दिसेल.

आता यातली व्यवस्था नीट बघा, कारण मुद्दा तिथे आहे. विद्यापीठ मशीन विकायला बसत नाही. आराखडा विद्यापीठाचा, पण मशीन बनवण्यासाठी कारखानदाराशी करार होतो. कारखानदाराला संशोधनाचा खर्च करावा लागत नाही. तुम्हाला तपासलेलं मशीन मिळतं. विद्यापीठाला करारातून उत्पन्न मिळतं आणि प्राध्यापकांना कळतं की शेतावर, गावात, विजेच्या लपंडावात आपलं मशीन कुठे अडतं. म्हणजे एका संशोधनातून तीन धंदे उभे राहतात: मशीन बनवणाऱ्याचा, डाळ करणाऱ्याचा आणि मशीन दुरुस्त करणाऱ्याचा. तिसऱ्याचा विचार फारसा कुणी करत नाही. ज्यांना धंदा सुरू करायचाय पण सुचत नाहीये, त्यांनी जरूर करावा.

कोकणातलं उदाहरण अजून वेगळं आहे, कारण तिथे मशीनच नाही, झाड आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या जाती काढल्या. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही नावं सिंधुदुर्गातल्या कुठल्याही बागायतदाराला पाठ असतात. आता काजू प्रक्रिया करणाऱ्याला झाडाशी काय करायचंय? करायचंय! बी टपोरी आणि एकसारखी आली की कटरवर फोडताना गर अख्खा निघतो. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावातला फरक तुम्हाला माहीत आहे. म्हणजे फोडणारी बाई तीच, कटर तोच, पण दिवसाच्या शेवटी मालाची किंमत जास्त. उत्पादकता कधीकधी तुमच्या कारखान्याच्या बाहेर, रोपवाटिकेत ठरते.

हे आपल्याकडे नवीन नाही

काही जणांना वाटतं की उद्योग आणि कॉलेजची ही जोडी परदेशातून आली. मुंबईचा इतिहास बघा. कापड गिरण्या सुरू झाल्या तेव्हा यंत्रं लँकेशायरची आणि ती चालवणारे साहेबही तिकडचेच. ते महाग पडायचे. इथली माणसं तयार करायला हवीत हे गिरणीमालकांना उमगलं आणि १८८७ साली व्हीजेटीआय उभी राहिली. दिनशॉ पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकाने त्यात हात सैल सोडला. दानधर्म होताच, पण धंद्याचं गणितही होतं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, ज्याला जुने लोक अजूनही ‘यूडीसीटी’ म्हणतात आणि आज ती माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे. तिची सुरुवातही कापडाच्या रसायनांपासून झाली. पुढे रंग, औषधं, तेल, अन्न सगळंच आलं. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढणारे अंजी रेड्डी तिथलेच विद्यार्थी. तिथले प्राध्यापक कारखान्यांचे प्रश्न सोडवायचे आणि तेच प्रश्न वर्गात शिकवायचे, ही त्या संस्थेची खरी ताकद.

आणि गिरणीमालक एवढे मोठे नसले तरी हे होतं. इचलकरंजी घ्या. घराघरात पावरलूम असलेलं गाव. तिथे १९८२ साली टेक्स्टाइल शिकवणारं कॉलेज, डीकेटीई, सुरू झालं. ज्या गावात माग आहेत तिथेच मागाचं शिक्षण. मुलगा सकाळी वर्गात जे शिकतो ते संध्याकाळी बापाच्या लूमवर बघतो. याच्याइतकी चांगली प्रयोगशाळा कुठल्या मोठ्या शहरात मिळेल सांगा.

मग सगळीकडे हे का होत नाही?

कारण सरळ आहे आणि त्यात कुणी खलनायक नाही. कॉलेजचं घड्याळ वेगळं, तुमचं वेगळं. तुमचं सीलिंग मशीन आज बंद पडलंय, तुम्हाला उद्या उत्तर हवंय. कॉलेजात सेमिस्टर चालतं, परीक्षा असतात, मे महिन्यात शुकशुकाट असतो. प्राध्यापकाची बढती बरीचशी शोधनिबंधांवर ठरते, तुमच्या पापडाच्या ओलाव्यावर नाही. आणि आपण? आपण तर कुणाला कारखान्यात पाय ठेवू देत नाही. ‘रेसिपी चोरतील’ ही भीती. त्यामुळे कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टवरून उतरवले जातात, आणि रस्त्यापलीकडचा कारखानदार यूट्यूबवर मशीन शोधत बसतो.

देश म्हणून बघितलं तरी चित्र तसंच आहे. आपण संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास खर्च करतो. चीन दोन टक्क्यांच्या वर, दक्षिण कोरिया चार टक्क्यांच्या वर. शिवाय आपल्या खर्चात सरकारचा वाटा मोठा आणि खासगी उद्योगांचा कमी. पैसे कमी हा एक भाग झाला. माझ्या मते त्याहून मोठी अडचण म्हणजे मधला माणूस नाही.

हा मधला माणूस काय असतो ते ब्रिटनमध्ये बघायला मिळतं. तिथे १९७५ मध्ये एक योजना सुरू झाली, २००३ पासून तिचं नाव नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप. कल्पना अशी की कंपनीला एक ठरावीक अडचण असते. विद्यापीठ त्यासाठी नुकताच पदवी झालेला एक माणूस नेमतं. तो पगार विद्यापीठाकडून घेतो पण एक ते तीन वर्षं बसतो कंपनीत. त्याच्या पाठीशी प्राध्यापक. खर्चातला मोठा भाग सरकारचा, छोट्या कंपनीने साधारण एक तृतीयांश द्यायचा. म्हणजे तिथला कारखानदार ‘विद्यापीठाशी संबंध’ वगैरे ठेवत नाही, त्याच्या शॉपफ्लोअरवर एक माणूस रोज उभा असतो ज्याला दोन्हीकडची भाषा येते.

शेतीत आपल्याकडे असा मधला माणूस आहे: कृषी विज्ञान केंद्र. पहिलं १९७४ साली पुद्दुचेरीला निघालं, आज देशात सातशेच्या वर आहेत. बऱ्याच केंद्रांत फळप्रक्रिया, डाळ, मसाला, दूध यांची प्रशिक्षणं होतात. अन्नप्रक्रियेत उतरणार असाल तर तुमची पहिली फेरी तिथेच व्हायला हवी. बाकीच्या धंद्यांत मात्र सरकारी मधला माणूस सहसा भेटत नाही. तिथे तो माणूस तुम्हालाच व्हायचंय. कसं, ते आता सांगतो.

मशीन घेण्याआधी एक स्टॉपवॉच

प्रशिक्षणात येणारे बरेच जण पहिला प्रश्न विचारतात: ‘सर, कोणतं मशीन घेऊ?’ मी उलटा प्रश्न विचारतो: सध्या वेळ नक्की कुठे जातो? याचं उत्तर क्वचितच मिळतं.

समजा, तुमचं मसाल्याचं पॅकिंग आहे. एक बाई एक पाकीट पूर्ण करते. वजन करायला २० सेकंद, भरायला १०, सील करायला ६, लेबल लावून खोक्यात टाकायला १४. एकूण ५० सेकंद. आठ तासांत २८,८०० सेकंद असतात, म्हणजे एक क्षणही न थांबता ५७६ पाकिटं. (प्रत्यक्षात कमीच होतील, माणूस आहे. तुलनेसाठी आपण हाच आकडा धरू.) आता मशीनवाला येतो आणि म्हणतो, आमचं सीलर घ्या, अर्ध्या वेळात सील. खरंच घेतलंत, ६ चे ३ सेकंद झाले. एकूण ४७. दिवसाला ६१३ पाकिटं. वाढ साडेसहा टक्क्यांच्या आत.

दुसरा मार्ग. वजन करताना ती बाई चमच्याने थोडं टाकते, थोडं काढते, त्यात वेळ जातो. त्याऐवजी १०० ग्रॅमच्या जवळपास बसणारं एक माप, म्हणजे ठरावीक आकाराचा स्कूप, करून घेतला. काट्यावर शेवटची चिमूट तेवढी कमी-जास्त करायची. (काटा काढून टाकायचा नाही हं! वजनमापाचा कायदा आहे, पाकिटावर छापलेलं वजन आत असायलाच हवं.) २० चे १२ सेकंद झाले. एकूण ४२. दिवसाला ६८५ पाकिटं. वाढ १९ टक्के. स्कूपचा खर्च आणि सीलरचा खर्च तुम्हीच ताडून बघा.

हे मोजमाप करायला कुणी मोठा सल्लागार लागत नाही. मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन इंजिनीअरिंगच्या मुलांना अभ्यासक्रमात हेच शिकवतात. कामाचा अभ्यास, वेळेचा अभ्यास. त्यांच्याकडे स्टॉपवॉच आहे, पद्धत आहे, वेळ आहे आणि मार्कांसाठी खरा प्रश्न हवाच आहे. त्यांच्याकडे नाही ते फक्त तुमचं टेबल.

अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं म्हणून लोक घाईने कोटेशन जमवतात. उरलेले ६५ टक्के तुमचेच असतात आणि त्यातल्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, हे त्या घाईत विसरलं जातं. चुकीचं मशीन अनुदानात आलं म्हणून बरोबर होत नाही.

कॉलेजात जायचं कधी, कुणाकडे आणि काय घेऊन

वेळ सगळ्यात महत्त्वाची. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट साधारण जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात. तेव्हा गेलात तर मुलांचा एक गट वर्षभर तुमच्या प्रश्नावर काम करेल. फेब्रुवारीत गेलात तर सर हसून चहा पाजतील, बाकी काही होणार नाही.

कुणाकडे जायचं? थेट प्राचार्यांकडे जायची गरज नाही. विभागप्रमुख, किंवा ‘ट्रेनिंग अँड प्लेसमेंट’ बघणारे सर. त्यांना मुलांच्या इंटर्नशिपसाठी जागा शोधाव्याच लागतात, त्यामुळे तुम्ही गेलात की त्यांचंही काम होतं. आणि फक्त इंजिनीअरिंगच डोक्यात ठेवू नका. मशीनची जोडणी, जिग-फिक्स्चर असेल तर पॉलिटेक्निक आणि आयटीआय बरे पडतात, तिथले निदेशक हातानेच करून दाखवतात. स्टॉक, उधारी, मालाची खरी किंमत काढणं यासाठी कॉमर्स आणि एमबीएची मुलं. साबण, फिनाईल, अत्तर यासाठी केमिस्ट्रीचा विभाग. टिकाऊपणा आणि पॅकिंगसाठी फूड टेक्नॉलॉजी.

लॅबबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आणि कायद्याला चालणारा रिपोर्ट एकच नसतो. पापडात ओलावा किती, तेल खवट कधी होतं, लोणच्याची आम्लता किती, हे शिकण्यासाठी, रेसिपी सुधारण्यासाठी कॉलेजची लॅब उत्तम आणि स्वस्त. पण लेबलवर छापण्यासाठी किंवा निर्यातीसाठी रिपोर्ट हवा असेल तर लॅबला एनएबीएलची मान्यता आहे का, एफएसएसएआयच्या यादीत ती आहे का, हे आधी विचारा. काही विद्यापीठांच्या लॅबना अशी मान्यता असते. विचारायला लाज वाटून घेऊ नका, पैसे आपण देतोय.

माणूस कायमचा हवा असेल तर अप्रेंटिस घ्या. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील त्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. म्हणजे तुमच्याकडे चार माणसं कामाला लागली की हा दरवाजा तुम्हाला उघडा होतो, त्याआधी नाही. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी एनएटीएस योजना आहे, त्यात ठरवलेल्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार देतं. पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत सायनला आहे. आयटीआय वगैरेंसाठी एनएपीएस, त्यात विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत सरकारचा वाटा. विद्यावेतनाचे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून नोंदणी करताना पोर्टलवरचा ताजा दर बघा. पण अप्रेंटिस म्हणजे स्वस्त हमाल नव्हे. पोरगा वर्षभर गोण्या उचलत राहिला तर तो काही शिकणार नाही आणि तुमचं टेबलही आहे तिथेच राहील. पहिल्या दिवशी त्याच्या हातात वही द्या: रोज किती माल आत आला, किती बाहेर गेला, किती वाया गेला. तीन महिन्यांची ती वही तुम्हाला बँकेतही उपयोगी पडते.

आणि हो, ज्ञान एकाच दिशेने जात नाही. २० वर्षं लूम चालवलेल्या माणसाला जे कळतं ते पुस्तकात नसतं. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ अशी पदं काढली, त्यात आपल्या क्षेत्रात १५ वर्षांचा, वरच्या पातळीवरचा अनुभव असलेला माणूस पीएचडी नसतानाही विद्यापीठात शिकवू शकतो. तुमच्यातले काही जण तिथपर्यंत जातील. तोपर्यंत निदान एक तास पाहुणे म्हणून बोलावलं तर नाही म्हणू नका. त्या वर्गातच तुमचा पुढचा सुपरवायझर बसलेला असतो.

रेसिपी चोरीला गेली तर?

हा प्रश्न योग्य आहे, टाळायचा नाही. काम सुरू होण्याआधी एक-दोन पानांचा साधा करार करा. त्यात चार गोष्टी असाव्यात. काम काय आणि कधीपर्यंत. तुमची कोणती माहिती बाहेर जाणार नाही. नवीन काही सापडलं, उदाहरणार्थ मशीनचा सुधारलेला भाग, तर हक्क कुणाचा. आणि मुलांना अहवालात काय छापता येईल. चौथा मुद्दा बहुतेक जण विसरतात. प्रोजेक्ट रिपोर्ट कॉलेजच्या ग्रंथालयात जातो, तिथे कुणीही तो वाचू शकतो. म्हणून ‘मिश्रण क्र. १’, ‘मिश्रण क्र. २’ असं लिहायला सांगा, प्रमाण लिहू नका. स्टॉपवॉचच्या अभ्यासाला तर तुमच्या मसाल्याचं प्रमाण लागतच नाही.

उलट बाजूही आहे. विद्यापीठाचं तंत्रज्ञान तुम्ही घेत असाल, जसं डाळ मिल बनवण्याचा करार, तर विचारा: हा हक्क फक्त मला की अजून दहा जणांना? प्रशिक्षण मिळेल का? सुधारित आवृत्ती आली तर ती मिळेल का? फी एकदाच की विक्रीवर टक्का? करार जिल्ह्याच्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या. दोन हजार रुपये वाचवायला जाऊन पाच वर्षं अडकू नका.

कॉलेजला द्यायचं एक पान

बोलून येण्यापेक्षा लिहून द्या. तोंडी सांगितलेलं सर विसरतात, कारण दिवसाला दहा जण येतात. नमुना असा:

‘आमच्याकडे १०० ग्रॅम मसाल्याचं पॅकिंग हाताने होतं. एका पाकिटाला साधारण ५० सेकंद लागतात, त्यातले २० वजन करण्यात जातात. दिवसाला एका व्यक्तीकडून सध्या सरासरी ४२० पाकिटं होतात. तीच माणसं, तेवढ्याच वेळात ५०० पर्यंत जाता येईल का, हे शोधायचं आहे. नवीन खर्चाची मर्यादा १५ हजार रुपये. विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन दिवस कारखान्यात येता येईल, येण्या-जाण्याचा खर्च आम्ही देऊ. मसाल्याचं प्रमाण गोपनीय राहील.’

बघा, यात ‘मदत करा’ कुठेही नाही. आज किती, किती हवंय, खर्च किती, आणि तुम्ही काय देणार, एवढंच आहे. प्राध्यापकाला यात लगेच प्रोजेक्टचं शीर्षक दिसतं. तुमचे आकडे वेगळे असतील, ते आधी आठवडाभर स्वतः मोजा. अंदाजाने लिहिलेलं ‘साधारण पाचशे’ मुलं पहिल्याच दिवशी खोटं पाडतात.

दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर पुन्हा जा. सकाळी तासिका असतात, म्हणून दुपारी तीननंतर, प्रॅक्टिकल संपत आलेले असताना. सोबत पाच-सहा पाकिटं न्या, सील नीट न बसलेली दोन त्यात मुद्दाम ठेवा. सर भेटले नाहीत तर लॅब असिस्टंटला भेटा. कोणती मशीन चालू आहे, कोणती दोन वर्षांपासून कापड टाकून ठेवली आहे आणि कोणते सर खरोखर कारखान्यात यायला तयार होतात, हे त्याला सगळ्यात चांगलं माहीत असतं.